सहज भुवई

गेल्या आषाढातील एका रविवारी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. तिच्या दोन्ही भुवया नाकाच्या वर एकमेकींना मिळालेल्या आहेत. हा वारसा तिच्याकडे तिच्या आजीकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून आला. शाळेत त्यावरून तिला कोणी काही बोलले असावे. ती म्हणाली, "आई, मला भुवया कोरून घ्यायच्या आहेत." मी कपाटाच्या आरशासमोर उभी होते. अशा वेळी आया जे उत्तर देतात तेच मी दिले. "अगं, देवाने दिलेला चेहरा आहे तो. जशी आहेस तशी छान दिसतेस." ती क्षणभर गप्प राहिली. मग माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "मग तू रोज काय काढतेस?"

माझ्या हातात भुवई रेखण्याची पेन्सिल होती.

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग दोन-तीन आठवड्यांत गळून गेला. खाज नाही, वेदना नाही. कातडी मात्र गुळगुळीत. आपल्याकडे ज्याला चाई म्हणतात आणि आयुर्वेदात इंद्रलुप्त, तोच हा विकार. शरीराची संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांनाच परके समजून त्यांच्यावर उठते. मुळे मरत नाहीत, पण काम थांबवतात. केस पुष्कळदा आपोआप परत येतात, कित्येकदा प्रथम पांढरे येतात, आणि पुन्हा जातातही. त्यांचे वेळापत्रक कोणालाच सांगता येत नाही. आईने कऱ्हाडहून फोनवर गुंज उगाळून लावण्यास सांगितले, मावशीने कांद्याचा रस सुचवला. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी डोळ्याजवळ असले काही लावू नका असे बजावले आणि भुवईत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने दिली. थोडे पांढरे केस उगवले, दोन महिने राहिले आणि गेले. तीव्र चाईसाठी पोटात घेण्याचे बॅरिसिटिनिब हे औषध अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले आहे. परंतु अर्ध्या भुवईपायी एवढे जबर औषध घेऊ नये असे डॉक्टरांचे मत पडले, व ते मला पटले. तेव्हापासून रोज सकाळी ती अर्धी भुवई पेन्सिलीने पुरी करून मी कार्यालयात जाते.

यात नैतिक प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. केस गेले, पेन्सिल आली, विषय संपला. मलाही चार वर्षे तसेच वाटत होते. परंतु त्या रविवारी मी तोंडाने मुलीला एक तत्त्व सांगत होते आणि हाताने दुसरेच आचरत होते. तेव्हा एक तर ते तत्त्व खोटे असले पाहिजे, नाही तर माझा हात. दोन्ही खरे कसे असतील, हे शोधणे मला भाग पडले.

प्रथम मी माझ्याच वर्तनाचा मागोवा घेतला. दिल्लीत नोकरीस लागल्यापासून वसाहतीबाहेरच्या बाजारात मी दर महिन्याला भुवया कोरून घेत आले आहे. दोऱ्याचे एक टोक दातांत धरून, पीळ बोटांवर खेळवत ती बाई झरझर केस ओढून काढते. आपण कातडी ताणून धरायची आणि डोळ्यांतले पाणी पुसायचे. पाच मिनिटे आणि पन्नास रुपये. ही कला इराणात फार जुनी आहे. तेथे पूर्वी मुलीच्या चेहऱ्याला दोरा लागे तो लग्नाच्या वेळी, आणि कोरीव भुवई ही विवाहितेची खूण समजली जाई. आपल्याकडे तसा संकेत नाही. तरीही इतक्या वर्षांत हे करणे कृत्रिम आहे असे मला एकदाही वाटले नाही. उलट एखाद्या महिन्यात जाणे झाले नाही तर आपण गबाळ्या दिसतो असे वाटे. जे केस होते ते काढून टाकले तेव्हा मी नीटनेटकी ठरले. जे नव्हते ते रेखले तेव्हा मात्र माझ्या मनाने मलाच नटवी म्हटले, आणि मुलगी खोलीत आली की मी पाठ फिरवू लागले.

हा भेद कोठून आला? वजाबाकी प्रामाणिक आणि बेरीज लबाड, असे आपण कोणत्या आधारावर ठरवतो? आमच्या कार्यालयीन पद्धतीत एकदा लिहिलेल्या टिपणीवर कागद चिकटवून ती झाकण्यास मनाई आहे. परंतु टिपणीचे पान काढून घेणे हा काही त्याहून लहान अपराध नव्हे. आता फायली संगणकावर गेल्या, तरी न्याय तोच आहे. मूळ रूप राखणे हेच जर व्रत असेल, तर दोरा आणि पेन्सिल एकाच पिंजऱ्यात उभी केली पाहिजेत.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे लवकर उमगावे. येथे आल्यावर आपण आपल्या हिंदीतला मराठी हेल हळूहळू छाटतो. नमस्कार करण्याची रीत बदलतो, डब्यातला ठेचा बाजूला ठेवतो. हे सर्व आपण समंजसपणा म्हणून करतो आणि त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. पण कोणी घरी नसलेला रुबाब बाहेर आणला, तर मात्र आपण लगेच नाक मुरडतो. काढून टाकलेले कोणाला दिसत नाही, म्हणून ते निर्दोष वाटते, एवढेच.

दुसरा शब्द 'नैसर्गिक'. हा शब्द मी मुलीपुढे देवाच्या नावाने वापरला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या हालचालींचे सात प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. या यादीतील शेवटचे नाव मला फार विचार करायला लावते. 'सहज' ही भुवईची स्वाभाविक अवस्था. पण तीही शिकावयाच्या यादीत आहे! रंगभूमीवर सहज दिसणे हाही एक अभिनयच. आणि माणसांच्या समाजात तरी भुवई निसर्गाच्या हाती कधी पूर्णपणे राहिली? जपानात सरदार-दरबारी घराण्यांतील स्त्रिया भुवया काढून टाकून कपाळावर उंच, धूसर ठिपके रेखत; मेजी राजवटीने १८७० साली ही प्रथा बंद करावयास लावली. घरातील मांजर मेले की इजिप्तमधील माणसे भुवया भादरत, असे हेरोडोटसने लिहून ठेवले आहे. म्हणजे कोणी वैभव दाखवण्यासाठी भुवई काढली, कोणी शोक दाखवण्यासाठी. मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिडा काहलो (१९०७–१९५४) हिने स्वतःच्या चित्रांत आपल्या जुळलेल्या भुवया ठसठशीत रंगवल्या. तिने त्या कोरल्या नाहीत. पण त्या तशा ठेवणे आणि रंगवणे ही तिने केलेली निवडच होती. कोरणे ही निवड असेल तर न कोरणे हीही निवडच. निसर्गाच्या पदराआड दोन्ही लपत नाहीत.

मग फसवणुकीचे काय? यावर मी बराच विचार केला. ज्याला जे जाणण्याचा हक्क आहे, त्याच्यापासून ते लपवून आपला लाभ करून घेणे याला फसवणूक म्हणावे. माझ्या केसांची मुळे काम करतात की नाही, हे जाणण्याचा हक्क माझ्या कक्षातील कोणालाही नाही. ते माझ्याशी व्यवहार करतात तो माझ्या टिपणीच्या बळावर. माझ्या सेवापुस्तिकेत ओळखीची खूण म्हणून हनुवटीवरचा तीळ नोंदलेला आहे, भुवईचा उल्लेख नाही, त्यामुळे सरकारची फसवणूकही होत नाही! विनोद बाजूला ठेवू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे पुसले व एकदा भुवया पुसल्या. डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक जड गेले. हे वाचले तेव्हा माझ्या मनावरचे एक ओझे उतरले. भुवई पुरी करताना मला सुंदर दिसावयाचे होते हे खरेच. पण त्याहून अधिक, मला मीच दिसावयाचे होते.

तत्त्वाचा प्रश्न येथवर सुटला असे धरू. पण व्यवहाराचा प्रश्न उरतोच, कारण उपाय एक नाही. दोरा, चिमटा आणि मेण हे काढण्याचे उपाय. यांत दोऱ्याने कातडीचा थर निघत नाही, मेणाने पुष्कळदा निघतो. आणि चिमट्याने वर्षानुवर्षे उपटत राहिले तर कित्येकांचे केस कायमचे परतत नाहीत. भरण्याच्या उपायांत पेन्सिल संध्याकाळी धुतली जाते. रंग लावला तर तो काही आठवडे टिकतो. परंतु काळ्या रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असते, त्याने कित्येकांच्या कातडीला फोड येतात, आणि भुवईच्या खाली डोळा आहे. हल्ली केसांना औषधाने मऊ करून वर वळवून बसवतात, त्याला लॅमिनेशन म्हणतात. तेही सहा-आठ आठवड्यांचे. त्यापुढची पायरी मायक्रोब्लेडिंगची: बारीक सुयांच्या रांगेने कातडीत एकेक केसासारखी रेघ ओढून रंग भरतात. ती रेघ वर्ष-दोन वर्षे राहते व हळूहळू फिकी होते. सुई निर्जंतुक नसेल तर काविळीसारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात, आणि ज्यांच्या जखमा गाठाळ होऊन भरतात त्यांनी यापासून दूरच राहावे. सर्वांत शेवटी केशरोपण: डोक्याच्या मागचे केस भुवईत लावावयाचे. पण त्या केसांना आपले कूळ विसरता येत नाही. ते डोक्यावरच्या केसांसारखेच वाढत राहतात आणि त्यांना नियमाने कात्री लावावी लागते.

ही यादी करताना मला आमच्या जुन्या सेवानियमांची आठवण झाली. तात्पुरते, स्थायी, आणि त्या दोहोंच्या मधला 'क्वासी-परमनंट' म्हणून एक वर्ग त्या नियमांत होता. मायक्रोब्लेडिंगवालेही आपल्या कामाला 'सेमी-परमनंट' म्हणतात. अर्थात कायमची खूण ही काही आजची टूम नाही. माझ्या पणजीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, हिरवट गोंदण होते. लहानपणी मी ते बोटाने पुसून पाहिल्याचे आठवते. ती हसून म्हणायची, मेल्यावर सगळे येथेच राहते, बरोबर येते ते गोंदणच. तिला ते कोणी विचारून गोंदले नव्हते. ती तेव्हा माझ्या मुलीहूनही लहान होती.

या आठवणीवरून मी माझ्यापुरता एक नियम बांधला. जे परत फिरवता येईल तेच करावे. चाईचे केस उद्या उगवतील, त्यांच्या वाटेत रंगाची रेघ कशाला? आज आवडलेली भुवई पाच वर्षांनी आवडेलच असे नाही. बदलत्या मनाला जागा ठेवावी. पेन्सिल रोज सकाळी मला नव्याने विचारते, आज हवी का? आणि रोज मी हो म्हणते. जी निवड रोज करावी लागते तीच खरी स्वतंत्र, असे एक वाक्यही माझ्या मनात तयार झाले. बी. ए.ला तर्कशास्त्र घेतल्याचे सार्थक झाले असे मला वाटले.

हा नियम फार दिवस टिकला नाही. माझ्या शेजारच्या कक्षात एक वडील सहकारी आहेत, मूळच्या कानपूरच्या. कर्करोगावरील औषधांनी त्यांचे केस गेले. डोक्यावरचे परत आले, भुवया मात्र विरळच राहिल्या. डॉक्टरांची अनुमती घेऊन, वर्षभराने, त्यांनी मायक्रोब्लेडिंग करून घेतले. एका दुपारी डबा खाताना मी त्यांना माझा सिद्धांत सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग म्हणाल्या की, तुमचे म्हणणे तुमच्यापुरते बरोबर आहे. पण मी सहा महिने रोज सकाळी भुवया काढल्या, आणि रोज सकाळी सर्वांत आधी मला माझा आजार भेटत असे. मला दिवसाची सुरुवात आरशातल्या आजाराने करावयाची नव्हती. आता मी उठते, तोंड धुते आणि चहा ठेवते.

मी काही बोलले नाही. ज्याला मी स्वातंत्र्य म्हणत होते, तेच त्यांना रोजची हजेरी वाटत होते. ज्या कायमपणाला मी भीत होते, त्याने त्यांना मोकळे केले होते. सरकारी नोकरीत आपण सर्वजण हे रोज पाहतो. परिपत्रक सर्वांना सारखे असते, प्रकरण मात्र प्रत्येकाचे निराळे असते. म्हणूनच चांगला अधिकारी नियम वाचून झाल्यावर समोरच्या माणसाकडे एकदा पाहतो. भुवईच्या बाबतीत तर नियम करणाराही आपण, आणि ज्याचे प्रकरण तोही आपणच. तेव्हा कोणता उपाय अधिक नैसर्गिक, वा अधिक टिकाऊ, एवढे विचारून भागत नाही. हा उपाय आपल्याला रोज कशाची आठवण ठेवावयास लावील, काय विसरू देईल, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून आपण करीत आहोत, हे विचारले पाहिजे. माझ्या पणजीला हे विचारण्याची संधी मिळाली नाही. माझ्या मुलीला ती मिळावी, एवढे तर माझ्या हाती होते.

पुढच्या रविवारी मी तिला समोर बसवले. देवाने दिलेला चेहरा हे माझे बोलणे अर्धेच होते, असे आधी कबूल केले. मग म्हणाले, "दोऱ्याने मधले केस काढले तर महिन्याभरात परत येतील, तेव्हा त्यात भिण्यासारखे काही नाही. चिमटा मात्र घरी हातात घ्यायचा नाही. आणि एक सांग, हे तुला हवे आहे, की वर्गातल्या कोणाला? वर्गातल्या कोणासाठी असेल, तर एक महिना थांबून बघ. तुझ्यासाठी असेल, तर आत्ता चल."

तिने बराच वेळ बोटाने भुवयांच्या मधली जागा चाचपली. मग म्हणाली, "मी महिनाभर थांबते. पण तू एक दिवस पेन्सिल न लावता ऑफिसला जा."

हा सौदा मला अपेक्षित नव्हता. तरी सोमवारी मी तशीच गेले. चेहरा पाहून हजेरी घेणाऱ्या यंत्राने मला बिनतक्रार ओळखले. कक्षात दुपारपर्यंत कोणी काही बोलले नाही. चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने प्रकृती बरी आहे ना, एवढे विचारले. लोकांचे काहीच अडले नाही. माझा हात मात्र दिवसभर डाव्या भुवईकडे जात होता. अवर सचिवांसमोर उभी असताना मी मान किंचित डावीकडे वळवून बोलते आहे, हे माझ्या ध्यानात आले, आणि फाइल परत घेऊन येताना मला स्वतःचे हसू आले व थोडे वाईटही वाटले. रोज सकाळी मी हो म्हणते ते स्वतंत्रपणे, हे माझे वाक्य मी मनातल्या मनात खोडले. नाही म्हणण्याची सवय मला मुळीच नव्हती.

मंगळवारी मी पुन्हा पेन्सिल घेतली. मुलीने विचारले, "कसं वाटलं काल?" मी म्हणाले, "अवघड गेलं." ती म्हणाली, "मग?" मी म्हणाले, "मग काही नाही. मला ती हवी आहे. पण किती हवी आहे हे काल कळलं."

तो महिना केव्हाच उलटून गेला. तिने अद्याप दुकानात जाण्याचा विषय काढलेला नाही, आणि मीही विचारलेले नाही; ठरवील तेव्हा सांगेल. काही रविवारी मी भुवईला पेन्सिल लावीत नाही. इतर दिवशी लावते, पण आता मुलगी खोलीत आली तरी पाठ फिरवत नाही. परवा तिने जवळ येऊन माझी डावी भुवई निरखून पाहिली आणि म्हणाली, "आई, इथे दोन पांढरे केस आले आहेत. त्यांच्यावरून काढू नकोस, बाजूने काढ."